वळणावरचा तोल : यार्नो सारिनेन

सरळ रस्त्यावर वेग वाढवणे फारसे अवघड नसते. मोटारसायकलस्वाराची खरी परीक्षा वळणावर होते. वळण घेताना केवळ यंत्र नव्हे, तर स्वाराचे शरीरही काम करीत असते. आपल्या शर्यतींतून हे जगाला दाखवून देणाऱ्या स्वारांत फिनलंडचे यार्नो सारिनेन यांचे नाव अग्रभागी आहे.

सारिनेन यांचा जन्म ११ डिसेंबर १९४५ रोजी तुर्कू या शहरात झाला. फिनलंडमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्यांवर मोटारसायकलच्या शर्यती होतात. घसरणारे चाक आवरत तोल सांभाळण्याचे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले. १९६५ साली बर्फावरील शर्यतींत ते राष्ट्रीय विजेते ठरले. पुढे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. त्यामुळे आपले वाहन ते स्वतः जुळवीत आणि प्रत्येक बदलामागील कारण जाणून घेत.

वळणावर वाहन आतल्या बाजूस कलवावे लागते. वेग जितका अधिक आणि वळण जितके अरुंद, तितका हा कल मोठा. ४० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावरून ताशी ७२ किलोमीटर वेगाने जायचे असेल, तर स्वार व वाहन यांचा एकत्रित कल सुमारे ४५ अंश असावा लागतो. परंतु वाहन फार कलले की त्याचे भाग जमिनीला घासू लागतात. सारिनेन वळण येताच आसनावरून आत सरकत, खांदे खाली झुकवीत आणि आतला गुडघा बाहेर काढीत. स्वाराचे वजन आत गेल्याने एकत्रित गुरुत्वमध्यही आत सरकतो. साहजिकच तेच वळण त्याच वेगाने घेताना वाहन कमी कलवावे लागते. असे प्रयोग करणारे ते एकटेच नव्हते. परंतु त्यांच्या यशामुळे या पद्धतीकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

१९७२ साली यामाहाच्या वाहनावर त्यांनी २५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. १९७३ च्या वसंतात अमेरिकेतील डेटोना आणि इटलीतील इमोला येथील दोनशे मैलांच्या शर्यती त्यांनी ३५० सीसीच्या वाहनावर, अधिक शक्तिशाली यंत्रांना मागे टाकून जिंकल्या. त्या वर्षीच्या जागतिक मालिकेतील २५० सीसी गटाच्या पहिल्या तिन्ही शर्यतीही त्यांच्याच नावावर लागल्या.

स्वाराच्या आसनस्थितीने वाहनाचा कल कमी होतो. टायर व रस्ता यांमधील घर्षणाची मर्यादा मात्र कायम राहते. समोर अचानक अडथळा आला, तर कौशल्यही अपुरे पडते. २० मे १९७३ रोजी इटलीतील मोंझा येथे शर्यतीच्या पहिल्याच फेरीत, वेगवान मोठ्या वळणावर, पुढे असलेले रेन्झो पासोलिनी कोसळले. मागून येणाऱ्या सारिनेन यांना त्यांना टाळता आले नाही. पाठोपाठ अनेक स्वार पडले. वळणालगत पोलादी कठडे होते. घसरलेल्या माणसांना सुरक्षितपणे थांबायला मोकळी जागाच नव्हती. सारिनेन आणि पासोलिनी या दोघांचाही तेथे मृत्यू झाला. सारिनेन तेव्हा अवघे २७ वर्षांचे होते. यामाहाने उरलेल्या हंगामातून आपला अधिकृत संघ मागे घेतला. धावपट्टीलगतचे कठडे दूर न्यावेत, ही स्वारांची मागणी या दुर्घटनेनंतर अधिक तीव्र झाली.

सारिनेन यांची पद्धत त्यांच्यामागे टिकून राहिली. त्यांना अमेरिकेत पाहिलेले केनी रॉबर्ट्स यांनी ती पुढे नेली आणि १९७८ साली ५०० सीसी गटाचे जगज्जेतेपद पटकावले. आज शर्यतीच्या धावपट्टीवर गुडघा जमिनीला टेकवून वळण घेणारा स्वार हे नेहमीचे दृश्य आहे. त्याच वळणाबाहेरची वाळूची, मोकळी जागाही तितकीच महत्त्वाची आहे. स्वाराने आपला तोल सांभाळावा आणि तो ढळलाच, तर धावपट्टीने त्याचा जीव सांभाळावा, असा धडा या अल्पायुषी जगज्जेत्याच्या जीवनातून मिळतो.