ड्युररने १३व्या वर्षी काढलेल्या चित्रावर नंतर काय लिहिलं?
जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररने (१४७१-१५२८) १४८४ मध्ये स्वतःचं चित्र काढलं, तेव्हा तो अवघा १३ वर्षांचा होता. वडील न्यूरेंबर्गचे सोनार आणि पोरगा त्यांच्याच हाताखाली शिकत होता. चित्र चांदीच्या टोकाने काढलेलं. ती रेघ खोडता येत नाही, म्हणजे ‘अनडू’ नाहीच! एक हात मात्र बाहीत दडलाय.

१४८६ मध्ये तो मिखाएल वोल्गेमुटकडे चित्रकला शिकायला गेला. पुढे युरोपभर नाव झालं. तरी हा कागद राहिला. मोठेपणी त्याने कोपऱ्यात नोंद केली, की हे आपण आरशात पाहून १४८४ मध्ये काढलं, तेव्हा आपण लहान होतो. यात कौतुक जास्त की सबब? दोन्ही असावं. चित्रातली एक रेघही मात्र तशी सबब मागत नाही. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ते आजही आहे.