सासवण्याचे शिल्पकार करमरकर

अलिबागहून मांडव्याच्या रस्त्याला लागले की किहीम, आवास मागे टाकून सासवणे येते. आपल्या किनाऱ्यावर अशी गावे खंडीभर आहेत. नारळी-पोफळीच्या वाड्या, एखादे देऊळ, पलीकडे समुद्र. पण या गावात एका घराचेच संग्रहालय झाले आहे. आणि ते घर ज्यांचे, त्या नानासाहेब करमरकरांचे नाव आपल्या महाविद्यालयात कितीजणांना ठाऊक असेल, याची मला शंकाच आहे.

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली याच गावी झाला. लहान वयात त्यांनी देवळाच्या भिंतीवर अश्वारूढ शिवछत्रपतींचे चित्र काढले. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. तेथील गोरे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले असता ते चित्र त्यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची खटपट केली. हा प्रसंग सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र त्याने धाकधूक होते. साहेबांची फिरती त्या दिवशी दुसऱ्या गावी असती तर? पुढच्या दिवाळीत त्या भिंतीवर चुना फिरला असता. अशा किती भिंती पांढऱ्या झाल्या असतील कोण जाणे!

पुढे ठाकूर घराण्याच्या आश्रयाने कलकत्त्यात काम, १९२० मध्ये लंडनला शिक्षण, मग परत मायदेशी. पुण्याचा शिवस्मारकाचा पुतळा ही त्यांची मोठी कसोटी. शाहू महाराजांनी संकल्पिलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ साली बसली होती, आणि पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले तेव्हा हाती वेळ थोडा उरला होता. एवढा प्रचंड घोडा ओतायचा कोठे? अखेर मुंबईत माझगाव डॉकमध्ये तो ओतला गेला. रेल्वेने पुण्यास नेताना घाटातल्या प्रत्येक बोगद्यापाशी जीव मुठीत धरावा लागला, असे सांगतात. जून १९२८ मध्ये अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवरचे चित्र ब्राँझमध्ये उभे राहिले!

एवढ्या कीर्तीनंतर माणूस मुंबई-पुण्याचाच होतो. करमरकरांनी गावाकडची ओढ सोडली नाही. सासवण्याला त्यांनी जी शिल्पे केली त्यांत कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, घरची जनावरे आहेत. यांतली कितीतरी सिमेंटची आहेत. मातीत घडवावे, प्लास्टरचा साचा काढावा आणि त्यात सिमेंट भरावे. त्याला ना भट्टी लागते, ना संस्थानिकाची थैली. पुण्याच्या पुतळ्यापुढे मान झुकते हे खरे, पण मला विचाराल तर ही कोळीणच अधिक मोठे काम वाटते. तिच्यासाठी कोणी वर्गणी काढली नव्हती.

१९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९६७ साली ते गेले. मागे राहिलेली सुमारे दीडशे शिल्पे घरच्यांनी जपली.

मी आईला घेऊन ती पाहायला गेले होते. आई शाळेत गेलेली नाही; संग्रहालय म्हटल्यावर प्रथम बुजली. खोलीतल्या थोरामोठ्यांच्या मुखवट्यांपुढे ती पदर सावरून उभी राहिली. म्हशीच्या शिल्पापाशी मात्र तिने चौफेर फिरून पाठ, मान, शिंगे नीट न्याहाळली. हे घडवणाऱ्याच्या गोठ्यात म्हैस असलीच पाहिजे, असे तिचे मत पडले.