काका बाप्टिस्टा



आपले आडनाव सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? आपण मराठीत उत्तर दिले की त्याला आणखीच नवल वाटते. हा प्रश्न मनाला लागतो, असे आपल्या धर्मग्रामातील कॉलेजात जाणारी मुले आम्हांला सांगतात. त्यांच्यासाठी आज बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांची ओळख.

त्यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या म्हातारपाखाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे. आडनाव पोर्तुगीज, बोली मराठी, श्रद्धा कॅथलिक. शाळा माझगावच्या सेंट मेरीजमध्ये झाली. पुढे पुण्यात इंजिनिअरिंग, मग केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन ते बॅरिस्टर झाले.

त्यांच्या तरुणपणी, १८८७ साली, मुंबई-साष्टीच्या मूळ ख्रिस्ती समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेतले. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांपासून आपण वेगळे आहोत, कंपनीच्या काळापासून इथे चाकरी करीत आलो आहोत, हे इंग्रजांना कळावे असा त्यामागे हेतू होता. पोटाचा प्रश्न होता. त्यांना दोष देऊ नये. पण त्यामुळे राज्यकर्त्यांच्या जवळ राहण्यातच आपली सुरक्षितता आहे, असे अनेकांना वाटू लागले.

बाप्टिस्टांनी वेगळी वाट धरली. लोकमान्य टिळकांशी त्यांची मैत्री होती. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांना कायद्याचे साहाय्य करणाऱ्यांत बाप्टिस्टा होते. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. अध्यक्ष झाले बाप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. आडनाव कुठले, देऊळ कोणते, हे तिथे आड आले नाही.

१९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. लाला लजपत राय, ना. म. जोशी यांच्यासोबत तिच्या संस्थापकांत बाप्टिस्टा होते. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. तोवर लोक त्यांना काका म्हणू लागले होते. काका हे घरातल्या माणसाचे नाव. ते मागून मिळत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गांधीजींचा असहकाराचा मार्ग काकांना पटला नाही, आणि त्यांनी तसे उघड मत ठेवले. ते टिळकांच्या प्रतियोगी सहकाराच्या विचाराशी राहिले. घरातला माणूस घरात मतभेद मांडतो. पाहुणा मात्र सगळ्याला मान डोलावतो.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की परमेश्वरानंतर माणूस ऋणी असतो तो आईवडिलांचा आणि मायदेशाचा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हे पाठ केले होते. काकांचे चरित्र वाचल्यावर त्याचा अर्थ नीट कळला. ऋण आहे की नाही, हे दुसऱ्याने विचारून ठरत नाही. ज्याच्यावर ते असते, तो ते फेडू लागतो. काकांनी कोर्टात, महापालिकेत आणि कामगारांच्या सभेत ते फेडले. त्यासाठी त्यांना आडनाव बदलावे लागले नाही, की रविवारची मिस्सा सोडावी लागली नाही.

आपल्यापैकी किती जण वॉर्डाच्या सभेला जातात? पाण्याच्या, रस्त्याच्या प्रश्नावर शेजारच्या हिंदू-मुस्लिम बांधवांसोबत किती जण उभे राहतात? हे प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो, आणि उत्तर देताना संकोच वाटतो.

१८ सप्टेंबर १९३० रोजी काका देवाघरी गेले. माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ भंडारवाड्याच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. एखाद्या रविवारी मिस्सानंतर मुलांना तिकडे न्यावे, आणि हे नाव कुणाचे ते त्यांना सांगावे.

आपले धर्मगुरू