खाप्रूमामांचा मेट्रोनोम

चामटोलीत संध्याकाळी गच्चीवर गिटार काढली की आधी मोबाइलवरचं मेट्रोनोम ॲप सुरू होतं. मिनिटाला ६० ठोक्यांवर बोटं बसली की ६५, मग ७०. स्पीड वाढवायचा हा जगभर शिकवला जाणारा साधासरळ उपाय. मीही तो इमानदारीत केला. पण एकदा स्टेजवर, कानात क्लिक नसताना, आमच्या बँडचं गाणं असं काही पळत सुटलं की शेवटचं कडवं म्हणताना गायकाला धाप लागली. बोटांना वेग आला होता, लय मात्र मोबाइलमध्येच राहिली होती. ती आपल्या आत कशी आणायची, हे शोधताना एक नाव सापडलं: लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर.

मामांचं खरं नाव लक्ष्मणराव. जन्म १८८० च्या सुमाराचा, गोव्यातला. पारोड्याला चंद्रनाथाचा डोंगर आहे आणि वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. तिथल्या पर्वत गावावरून पर्वतकर हे आडनाव आलं. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. देवळांच्या आधाराने जगणाऱ्या कलावंत घरांमध्ये गाणं-वाजवणं हेच शिक्षण आणि हीच रोजीरोटी. ना डिग्री, ना क्लासची फी. मामा सारंगी आणि तबला शिकले ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच.

सारंगी हे तेव्हा साथीचं वाद्य. गायक पुढे, सारंगिये मागे. गायक तान घेऊन कुठेही भरकटू दे, साथीदाराला मात्र आपण कितव्या मात्रेवर आहोत हे सतत माहीत हवं. टाळ्या पुढच्याला, हिशेब मागच्याकडे! मामांनी हा हिशेबच आयुष्यभराचा विषय केला. दुप्पट-चौपट सगळेच करतात. मामांचं नाव झालं ते सव्वापट, दीडपट, पावणेदोनपट अशा अडनिड्या लयींशी सहज खेळण्यामुळे. त्यातूनच पुढे लयभास्कर ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

त्यांची एक गोष्ट जाणकार आजही सांगतात. दोन हात आणि दोन पाय यांनी ते एकाच वेळी चार वेगवेगळे ताल धरायचे आणि वर तोंडाने पाचवा म्हणायचे. त्रिताल, चौताल, झुमरा, सवारी आणि तोंडात धमार! हे वाचून मी सरळ कॅल्क्युलेटर काढला. त्रिताल १६ मात्रांचा, चौताल १२ चा, झुमरा आणि धमार १४ चे, सवारी १५ ची. सगळे एका समेवरून निघाले आणि मात्रांचा वेग एकच ठेवला, तर सगळ्यांची सम पुन्हा एकत्र येईल थेट १६८० मात्रांनंतर. सेकंदाला एक मात्रा धरली तर २८ मिनिटं! आपलं तर चार मिनिटांच्या गाण्यात लक्ष उडतं.

मेट्रोनोमचं पेटंट योहान मेल्झेलने १८१५ मध्ये घेतलं. त्या यंत्राचे ठोके साधारण सारखेच पडत राहतात. आपल्या ॲपमध्ये पहिल्या ठोक्याचा आवाज बदलता येतो, पण तेही आपणच सांगायचं. आपला ताल गोल फिरतो, त्यात घर असतं ते समेचं. कुठूनही फिरून घरी कसं यायचं, ते मामांच्या अंगात भिनलं होतं.

१९५३ मध्ये मामा गेले. गोवा स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षं होती. आयुष्यभर मागे बसून वाजवलं, तरी लयीचा विषय निघाला की आजही त्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं.

पाच ताल आपल्याला या जन्मी जमणार नाहीत, ठीक आहे. पण दोन जमवून बघा. पायाने १६ मोजा, हाताने १२ ची टाळी द्या. दोघांची सम ४८ व्या मात्रेनंतर भेटते, पायाची तीन आवर्तनं आणि हाताची चार झाल्यावर. वेग अगदी कमी ठेवा. गिटारवाल्यांनी ॲपमध्ये चार ठोक्यांऐवजी फक्त पहिला ठोका ठेवावा आणि मधले तीन स्वतः मोजावेत. मग चार आवर्तनांत एकदाच क्लिक येऊ द्या. आपण पळालो की रेंगाळलो, ते त्या एका क्लिकवर लगेच कळतं.

मी महिनाभर हेच करतेय. ७० वरून परत ५० वर आलेय. आमचा ड्रमर हसतो. पण परवा प्रॅक्टिसला गाणं ज्या लयीत सुरू झालं, त्याच लयीत संपलं. गायकालाही धाप लागली नाही.