पाचगणीचा फ्रेडी

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांविषयी लिहायचे असते. मी ज्याच्याविषयी लिहितो आहे तो माजी विद्यार्थी खरा, पण आपल्या अंबडच्या शाळेचा नव्हे, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा. 24 नोव्हेंबर 1991 रोजी तो लंडनमध्ये गेला तेव्हा आपली तुकडी दहावीत होती. अंबडमध्ये त्याची खबर कुणाला असण्याचे कारणच नव्हते. आपले संगीत म्हणजे गणपतीतला बेंजो, रेडिओ आणि दुकानातून भरून आणलेल्या कॅसेट. फ्रेडी मर्क्युरी हे नाव मी पुढे कॉलेजात ऐकले, आणि तो आपल्याच सह्याद्रीच्या डोंगरात शिकला हे तर त्याहून उशिरा कळले. तेव्हापासून मी त्याच्याकडे मोठा गायक म्हणून कमी आणि कुणाचा तरी वर्गमित्र म्हणून जास्त पाहतो.

त्याचे खरे नाव फारोख बुलसारा. घर पारशी, मूळ गुजरातमधल्या बलसाडकडचे. आडनावही त्यावरूनच आलेले. वडील बोमी आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. 5 सप्टेंबर 1946 रोजी फारोखचा जन्म तिथेच झाला. वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला शिक्षणासाठी पाचगणीच्या बोर्डिंगात पाठवले. एवढ्याशा पोराने समुद्र ओलांडून यायचे आणि आईचे तोंड बघायला महिनोन्‌महिने थांबायचे. आपल्याला डबा विसरला तर मधल्या सुट्टीत घरी पळता यायचे. त्याला ती सोय नव्हती.

शाळेने त्याला दोन नावे दिली. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे असल्यामुळे त्याचे पुढचे दात बाहेर आलेले होते. त्यावरून पोरांनी त्याला बकी म्हणायला सुरुवात केली. वर्गात असे नाव एकदा पडले की ते पुसता येत नाही, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही बोलताना तो ओठांनी दात झाकायचा. पैसा आला तरी दात मात्र त्याने काढून घेतले नाहीत, कारण आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती. दुसरे नाव फ्रेडी. हे त्याला आवडले आणि जन्मभर त्याने तेच लावले.

पाचगणीत तो पियानो शिकला, टेबल टेनिस खेळला, नाटकात आणि चित्रकलेत रमला. बारा वर्षांचा असताना पाच मित्रांनी मिळून द हेक्टिक्स नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या वेळची गाजलेली गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानोवर बसून मागून साथ करायचा. ज्याच्या आवाजाने पुढे मैदाने भरली, तो शाळेच्या रंगमंचावर कडेला होता.

शाळा संपवून तो झांझिबारला परतला. 1964 च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब होते नव्हते ते सोडून इंग्लंडला गेले. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले, हीथ्रो विमानतळावर सामानाची उचलठेव केली, बाजारात जुने कपडे विकले. 1970 मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत त्याने क्वीन हा बँड उभा केला. जॉन डीकन पुढच्या वर्षी आला. मर्क्युरी हे आडनाव त्याने त्याच सुमारास घेतले. बँडचे बोधचिन्हही त्यानेच काढले.

1975 चे बोहेमियन ऱ्हॅप्सडी हे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे. एवढे लांब गाणे रेडिओवर लावणार कोण, अशी शंका घेतली गेली. ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 13 जुलै 1985 रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर कार्यक्रम झाला. क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली. तेवढ्या वेळात फ्रेडीने सुमारे 72,000 माणसे एका तालावर आणली. दोनदा पाय आपटून एक टाळी, हा त्यांच्याच गाण्याचा ताल आज आपली मुलेही धरतात. तो कुणाचा हे त्यांना माहीत असतेच असे नाही.

एवढे सगळे मिळवूनही पाचगणीविषयी, पारशी घराविषयी तो जाहीरपणे फारसे बोलला नाही. आजाराविषयीही नाही. एड्स म्हटले की लोक भांडी वेगळी ठेवत, असा तो काळ. 23 नोव्हेंबर 1991 रोजी त्याने हा आजार जगाला कळवला आणि दुसऱ्याच दिवशी वयाच्या 45 व्या वर्षी तो गेला. अंत्यसंस्काराच्या प्रार्थना मात्र पारशी धर्मगुरूंनीच म्हटल्या. आयुष्यभर ज्या घराविषयी तो गप्प राहिला, त्याच घराच्या रीतीने त्याला निरोप मिळाला. त्याच्या सोबत्यांनी त्याच्या नावाने न्यास काढला. तो आजही एड्सविरुद्धच्या कामाला पैसा देतो.

मेळाव्याची यादी करताना काही नावांपुढे आपण फुली मारली: पत्ता नाही, फोन उचलत नाही, ग्रुपमधून बाहेर पडला. त्यांना शाळेची ओढ नाही, असेही कुणी म्हणाले. मला फ्रेडी आठवला. जो येत नाही, बोलत नाही, त्याच्यापाशी शाळेचे काहीच उरले नसेल असे नाही. एखाद्याला अजून बकी टोचत असेल. एखादा असे काही सोसत असेल जे सांगायची त्याला लाज वाटते किंवा भीती. आणि आपण मुख्य गायकाकडे बघत असताना कडेला पियानोवर कोण बसले होते, हे आपल्यालाही कुठे नीट आठवते?

सरांनो, बाईंनो, मित्रमैत्रिणींनो, त्या फुल्या पुसून टाकूया. हजेरीपटावर ती नावे आहेत, तेवढे पुरे. या स्मरणिकेच्या काही प्रती त्यांच्यासाठी बाजूला ठेवाव्यात आणि वर त्यांचे पूर्ण नाव लिहावे. टोपणनाव नको.