स्वहस्ते घडविलेला कॅमेरा : कलामहर्षी बाबूराव पेंटर

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हा मंडळींना चित्रीकरणाचे नवल उरलेले नाही. अंधेरीच्या रस्त्यांवर दिव्यांनी आणि तारांनी भरलेल्या गाड्या उभ्या असतात, गोरेगावला दादासाहेब फाळके यांच्या नावाची चित्रनगरी आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतील कितीतरी तरुण या व्यवसायात पडेल ते काम करून घर चालवितात. लागेल तो कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र कोल्हापुरातील एका कारागिराला चित्रपट काढायचा होता आणि त्याच्यापाशी कॅमेरा नव्हता, म्हणून त्याने तो स्वतः घडविला. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे हे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांला वाटले.

त्यांच्या कामाची अडचण समजण्यासाठी आधी कॅमेरा म्हणजे काय ते पाहू. शाळेत विज्ञानाच्या तासाला आपण सर्वांनीच सूचिछिद्र कॅमेरा केलेला असतो. सर्व बाजूंनी बंद, आतून काळा रंगविलेला डबा घ्यावा, एका बाजूला सुईने बारीक छिद्र पाडावे, समोरच्या बाजूला आतून फिल्मचा तुकडा अंधारात बसवावा. छिद्रातून येणारा प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून झाडाच्या शेंड्याकडचे किरण खाली आणि बुंध्याकडचे वर पडतात व फिल्मवर झाडाची उलटी प्रतिमा उमटते. डबा सहा सेंटिमीटर खोल असेल तर छिद्र सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असावे. ते मोठे झाले की प्रतिमा पुसट होते, फारच लहान झाले तरीही पुसट होते. एवढ्याशा छिद्रातून प्रकाश इतका थोडा येतो, की भर उन्हातही साधारण वेगाच्या फिल्मला एक-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात कोणी मान हलविली तर चेहरा विरघळून जातो.

चलच्चित्राला हे चालत नाही. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे घेत. प्रत्येक चित्राच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग येई, म्हणून अधिक प्रकाश गोळा करणारे भिंग हवे. शिवाय फिल्म पुढे सरकावी, क्षणभर अगदी स्थिर थांबावी, पुन्हा सरकावी, आणि ती सरकत असताना झडपेने प्रकाश अडवावा, हे सारे हाताने फिरविलेल्या एका मुठीवर साधले पाहिजे. फिल्मच्या कडेची छिद्रे पकडून तिला ओढणारी नखी केसभर चुकली तरी पडद्यावरचे चित्र थरथरू लागते. डब्यापासून या यंत्रापर्यंतचे अंतर बाबूरावांनी पार केले ते कोणत्याही तंत्रशाळेच्या मदतीविना.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे परंपरागत कारागिरांचे. लाकूड, लोखंड आणि दगड हीच त्यांची पहिली पाटी होती. चित्रकला आणि शिल्पकला ते पाहून, करून आणि चुका दुरुस्त करून शिकले. ते कोल्हापूर राजर्षी शाहू महाराजांचे होते. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम जेथे निघाला आणि १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण जेथे सुरू झाले, तेच हे नगर. मल्ल, गवई, चित्रकार यांना तेथे आश्रय होता. बाबूरावांच्या उद्योगालाही पुढे तो लाभला.

नात्याने भाऊ असलेले आनंदराव हे त्यांचे सहकारी. १९१० ते १९१६ या काळात या दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात मोठे नाव मिळविले. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ हे सारे सपाट कापडावर असे उभे करायचे की शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही त्यात खोली दिसावी. या कामावरूनच मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हे नाव रूढ झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या दोन्ही भावांना चित्रपटाचा ध्यास लागला. फाळके यांनी लंडनला जाऊन कॅमेरा आणला होता. पेंटर बंधूंना तो मार्ग मोकळा नव्हता.

त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र मिळविले. त्यावर ते खेळ करीत आणि त्याच्या रचनेचा अभ्यासही करीत. प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा प्रकाश फिल्ममधून भिंगाकडे जातो आणि पडद्यावर पडतो. कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश भिंगातून आत येऊन फिल्मवर पडतो. फिल्म ओढणे, थांबविणे, झडप फिरविणे ही कामे मात्र दोहोंत सारखीच आहेत. म्हणजे ज्याला एक यंत्र नीट उमगले, त्याला दुसऱ्याची वाट सापडू शकते. हे ताडण्यासाठी कारागिराची नजर लागते, आणि ती या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती.

कॅमेऱ्याची जुळणी आनंदरावांनी आरंभिली. ती पुरी होण्यापूर्वीच, १९१६ साली, त्यांचे निधन झाले. ज्याच्या हाती यंत्राचे मर्म होते तो माणूस गेला आणि मागे अर्धवट जुळलेले भाग राहिले. बाबूरावांनी ते काम टाकले नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला सोबत घेऊन त्यांनी ते पुढे चालविले आणि १९१८ साली कोल्हापुरात घडविलेला हा कॅमेरा चालू लागला. या यशात आनंदरावांचा वाटा मोठा आहे. बाबूरावांच्या नावाबरोबर त्यांचे नावही घेतले जावे, असे आमचे मत आहे.

पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला आर्थिक आधार दिला तो गायिका तानीबाई कागलकर यांनी. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात झळकला. त्यातील कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि पुढे तो प्रसंग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरविले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिकाही बहुधा पुरुषच करीत. येथे मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पडद्यावर आल्या आणि कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. या धाडसापायी त्यांना आपल्या माणसांनी दूर लोटले आणि कंपनीच्या आवारातच राहावे लागले. ‘सैरंध्री’नंतर सहा आठवड्यांनी, २१ व २२ मार्च १९२० रोजी, याच संस्थानच्या परिसरात माणगावची परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तरुण बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरी ज्या मातीत त्या घडल्या ती माती एकच होती, याची नोंद आमच्या वाचकांना मोलाची वाटेल.

बाबूरावांची कामाची रीत शिस्तीची होती. चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगांची रेखाटने करीत. पात्रांची वेशभूषा, उभे राहण्याची जागा, हालचाल हे आधी कागदावर ठरे. आयुष्यभर पडदे रंगविलेल्या या माणसाने चित्रपटात मात्र रंगविलेल्या पडद्यांऐवजी घन देखावे उभारले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवीत. कंपनीत दामले, एस. फत्तेलाल, शांताराम वणकुद्रे अशी तरुण मंडळी होती. अभिनय, सुतारकाम, रंगकाम, रसायनात फिल्म धुणे, यांतले कोणतेही काम कोणालाही निषिद्ध नव्हते. आजच्या भाषेत ती एक निवासी शाळाच म्हणावी लागेल.

१९२५ साली आलेला ‘सावकारी पाश’ हा आमच्या दृष्टीने बाबूरावांच्या कार्याचा कळस. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात देव नाहीत, राजे नाहीत. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला एक शेतकरी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. ही भूमिका शांतारामांनी केली. तोवरच्या पाच वर्षांत बाबूरावांनी मुख्यतः पुराणे आणि इतिहासच पडद्यावर आणले होते. म्हणजे कॅमेरा स्वतःचा असला म्हणून तो आपोआप गरिबाकडे वळत नाही. वळविणाऱ्याला तसे ठरवावे लागते. बाबूरावांनी तसे ठरविले. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात ही कथा पडद्यावर पाहण्याची गरज नाही. सातारा, सोलापूर, रत्नागिरी, मराठवाडा येथून आलेले आमचे आजे-पणजे कर्जाने, दुष्काळाने, गावकीच्या जाचाने मुंबईला आले, गिरण्यांत आणि गोदीत राबले, आणि त्यांची पुढची पिढी उपनगरांच्या टेकड्यांवर, रुळांकडेला विसावली. त्यांचे छायाचित्रसुद्धा पुष्कळ घरांत नाही. त्यांच्यासारख्या माणसाचा चेहरा १९२५ साली पडद्यावर आला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढचा काळ उताराचा होता. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. तिची कीर्ती पुढे दूरवर गेली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. गुरूचे घर मात्र रिकामे झाले. त्यातच बोलपट आले. ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि १९३६ साली पुन्हा केलेला ‘सावकारी पाश’ असे काही बोलपट बाबूरावांनी काढले, परंतु मूकपटाच्या काळातील त्यांचे स्थान परत आले नाही. ते चित्र आणि शिल्प यांकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवछत्रपतींचा अर्धपुतळा ही त्यांचीच कृती. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्या काळची फिल्म ज्वालाग्राही आणि नाशवंत होती. भारतातील बहुतेक मूकपट नष्ट झाले आणि बाबूरावांचेही पुष्कळसे काम त्यांत गेले.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? साधने नसली तरी चालते, असा अर्थ कोणी काढू नये. प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक हे आमच्या मुलांचे हक्क आहेत आणि ते मागितलेच पाहिजेत. ज्या शहाण्यांनी हाताच्या कामाला हलके ठरविले, त्यांनी ते काम करणाऱ्या माणसांनाही हलके ठरविले. बाबूरावांच्या कॅमेऱ्याने दाखविले की सुताराच्या किकऱ्यात आणि लोहाराच्या कानशीत भौतिकशास्त्र असते. शिकलेल्या मुलाने आपल्या वडिलांच्या हत्यारांकडे पाठ फिरविली, तर तो अर्धे ज्ञान घराबाहेर टाकतो.

म्हणून पालकांना आमची एक विनंती आहे. सुट्टीत मूल घरी आले आणि त्याने डबा, काळा कागद, सुई आणि फिल्म मागितली, तर पसारा होईल म्हणून नाही म्हणू नका. छिद्र किती मोठे असावे हे त्याला स्वतः ठरवू द्या, पहिली चार-सहा चित्रे बिघडू द्या. मग डबा आजीसमोर ठेवून दोन सेकंद तिला हलू नको म्हणायला सांगा. त्या फिल्मवर जे उमटेल, ते त्या मुलाने स्वतः घडविलेल्या यंत्राने टिपलेले असेल, आणि आपल्या घरातील एका माणसाचा चेहरा त्यानंतर घरात राहील.