हेन्रिएटा लेव्हिट: फोटोतून आकडे वाचणारी कॉम्प्युटर

ग्राफचा स्क्रीनशॉट घ्यायचा, कोड चालवायचा आणि त्यातल्या ठिपक्यांचे आकडे मिळवायचे. आज हे सहज जमतं. पण शंभर वर्षांपूर्वी फोटोतून आकडे काढायचं काम माणसं करायची आणि त्यांच्या नोकरीचं नावच होतं कॉम्प्युटर! त्यातलीच एक हेन्रिएटा स्वान लेव्हिट.

त्यांचा जन्म ४ जुलै १८६८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. १८९२ मध्ये पदवी घेतली. मग हार्वर्ड वेधशाळेत आधी बिनपगारी काम, नंतर तासाला ३० सेंट. ऐकू येणं कमी होत गेलं, पण नजर पक्की होती. पेरू देशातल्या अरेकिपाहून काचेच्या फोटोप्लेट्स यायच्या. वेगवेगळ्या रात्रींच्या प्लेट्सवर तोच तारा शोधायचा, ठिपका लहान-मोठा झाला का बघायचं आणि तेज वहीत नोंदवायचं. १९०८ मध्ये त्यांनी मॅजेलनिक मेघांमधल्या १७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी दिली. रूपविकारी म्हणजे तेज कमी-जास्त होणारे तारे.

१९१२ मध्ये त्यांनी लहान मेघातले २५ तारे घेतले. हे सगळे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून त्यांच्या तेजाची तुलना खरी. आवर्तकाळ मात्र सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत. साध्या अक्षावर ठिपके वळणदार रेषेत आले. आवर्तकाळाचा लॉग घेऊन दुसरा ग्राफ काढला, तर रेषा सरळ! जितका मोठा आवर्तकाळ, तितका तारा तेजस्वी. तारा खरंच किती तेजस्वी आहे हे कळलं, की तो किती फिका दिसतो यावरून अंतर काढता येतं.

आता समजा, असा ग्राफ तुम्हाला पायथनमध्ये वाचायचाय. अक्षावर १ दिवसाची खूण १०० व्या पिक्सेलवर आहे, १०० दिवसांची ७०० व्या पिक्सेलवर. ठिपका ४०० वर, म्हणजे बरोब्बर मध्ये. साधा हिशेब म्हणेल सुमारे ५० दिवस. चूक! आधी दोन्ही खुणांचे लॉग घ्या: ० आणि २. त्यांचा मध्य १. आता १० चा १ ला घात, उत्तर १० दिवस. म्हणजे पिक्सेलवरून आधी लॉग काढायचा, घात शेवटी. ही पायरी विसरलात, तर त्या ताऱ्याचं अंतर सुमारे दुप्पट येईल.

अजून एक लक्षात ठेवा. या ग्राफवर एक पिक्सेल चुकला, तर आवर्तकाळ सगळीकडे पाऊण टक्क्याच्या आसपास चुकतो. १ दिवसाच्या ताऱ्याला ही ११ मिनिटं, १०० दिवसांच्या ताऱ्याला जवळपास १८ तास. म्हणून झूम करूनच खुणा निवडा.

१९१२ चं ते पत्रक निघालं वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या सहीने. मजकूर लेव्हिट यांनी तयार केलाय, एवढं त्यात सुरुवातीलाच नमूद होतं. १२ डिसेंबर १९२१ रोजी कॅन्सरने त्यांचं निधन झालं. दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानीत तसाच तारा सापडला आणि लेव्हिट यांच्याच नियमाने ठरलं, की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे. १९२५ मध्ये स्वीडनचे एक गणितज्ञ त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवायला निघाले, तेव्हा त्यांना कळलं की त्या हयात नाहीत.

कोडने काढलेले ठिपके सेव्ह करताना फाईलमध्ये एक ओळ जास्तीची टाका: मूळ मोजमाप कोणाचं.